सुकदेवनं औषध घेतलं

पंचशीलातली पहिली चार शीलं सुकदेव इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचा की विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. पाचवं आलं की त्याला खोकला यायचा. पाचवं शील म्हणजे नशापाण्यापासून लांब राहण्याचं. बाकीची मंडळी ते म्हणून संपवेपर्यंत हा पठ्ठ्या तोंडावर रुमाल धरून खोकत बसे आणि शेवटच्या 'साधु, साधु, साधु'ला पुन्हा सगळ्यांत सामील होई. कोणी हटकलं तर म्हणे, चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे ना? मग पाचवं म्हणून चौथं कशाला मोडू? या बोलण्याला गावात अजून कोणाला उत्तर सापडलेलं नाही. गावानं त्याचं नाव 'चारशील' ठेवलं आणि विषय संपवला.

गाव पारोळ्याच्या जवळ, बोरी नदीच्या काठाला. सुकदेव पारोळ्यातल्या एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. लग्नसराईत आणि गणपतीत त्याच्या अंगावर लाल कोट आणि सोनेरी झालर असायची, बाकीच्या दिवसांत गिरधरभाऊंच्या कपाशीत फवारणीचा पंप. इतकी वर्षं ढोलताशाच्या पुढ्यात उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते. त्यामुळे तो स्वतः ओरडून बोलायचा आणि फोन कायम स्पीकरवर ठेवायचा. त्याची बायको केसरबाई म्हणायची, या माणसाशी घरात कुजबुज करायची म्हटली तरी अर्ध्या गल्लीला कळते.

दारूचं म्हणाल तर बँड आणि बाटली यांची सोयरीक जुनी. वरातीत तासन् तास फुंकायचं, वर लोकांनी प्रेमानं पुढे केलेला ग्लास नाकारायचा म्हणजे अपमान. सुकदेव कोणाचा अपमान करणाऱ्यातला नव्हता. हळूहळू वरात नसली तरी ग्लास येऊ लागला, मग ग्लास देणारा नसला तरी येऊ लागला. सोडायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. दोनदा तर त्यानं जयंतीच्या मांडवात, सगळ्यांसमोर, माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं की आजपासून बंद. दोन्ही वेळा मांडवाचे बांबू उतरायच्या आत त्याची शपथ उतरली. मग काय, गावाला आयतं खाद्य मिळालं. पोरंसोरं त्याच्यापुढे माईक धरल्याची नक्कल करू लागली. सुकदेव वरवर हसायचा, पण ते हसू त्याला आतून खायचं, आणि त्यावर उतारा म्हणून तो पुन्हा प्यायचा. दारूनं जेवढं पाजलं नसेल तेवढं त्याला गावाच्या हसण्यानं पाजलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात शिरपूरकडच्या एका लग्नात त्याचा सूर फाटला. लांब सूर होता, ज्यासाठी बँडचे मालक त्याला मुद्दाम पुढे उभं करायचे. दम पुरला नाही, बोटं थरथरली आणि ट्रंपेटमधून असा काही आवाज निघाला की नवरदेवाचा घोडा दचकून मांडवात शिरला. वऱ्हाडी पोट धरून हसले. सुकदेवही हसला, पण परतताना गाडीत त्यानं ट्रंपेट मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. ट्रंपेट आहे म्हणून लोक आपल्याला सुकदेव मास्तर म्हणतात, ते गेलं तर उरतो तो नुसता पिणारा, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं आणि तो घाबरला.

त्यानंतर काही दिवसांतच नूतनताई आल्या. ही मुलगी मूळची वरणगावची, वडील तिथल्या कारखान्यात, आणि स्वतः धुळ्याच्या एका संस्थेत कामाला. बँडवाले, हमाल, भंगार वेचणारे अशा लोकांत फिरून नशेबद्दल बोलायचं आणि पुढे फोनवरून त्यांची विचारपूस करायची, असं तिचं काम. बँडच्या तालमीच्या शेडमध्ये ती आली तेव्हा सगळ्यांनी उपदेश ऐकायच्या तयारीनं तोंडं पाडून ठेवली होती. पण बाईंनी पहिल्याच वाक्यात सगळ्यांना गार केलं.

"दारू सोडा, असं सांगायला मी आलेली नाही," त्या म्हणाल्या. "प्यायची असेल तर मरू नका, एवढं सांगायला आले आहे."

मग त्यांनी साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. रिकाम्या पोटी पिऊ नका, आधी भाकरी खा. मधे मधे पाणी प्या. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या कधीच नकोत. प्यालेल्यानं मोटारसायकलला हात लावू नये. कोणी पडला तर 'पडला असेल पिऊन' म्हणून पुढे जाऊ नका, त्याला कुशीवर वळवा आणि शुद्धीवर येतो का बघा. शेवटी एक नंबर दिला. मिस कॉल द्या, आम्ही फोन करू, नाव कोणाला कळणार नाही. ढोल वाजवणारा नथ्थू, सुकदेवचा जिवाभावाचा दोस्त आणि बाटलीतला भागीदार, म्हणाला की ताई, या नंबरवर माल घरपोच मिळतो का? शेड हसण्यानं दणाणली. ताईही हसल्या. सुकदेवनं मात्र कोपऱ्यात जाऊन नंबर फोनमध्ये घातला. नाव दिलं 'ट्रंपेट दुरुस्ती'. एका अर्थानं ते खरंच होतं.

या वेळी त्यानं पक्कं ठरवलं होतं की कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. गावाला नाही, नथ्थूला नाही, केसरबाईलासुद्धा नाही. पुन्हा एकदा जाहीर करायचं आणि पुन्हा एकदा तोंडावर पडायचं, हे त्याला सोसलं नसतं. दारूशी झगडायची त्याची तयारी होती, लोकांच्या हसण्याशी नव्हती. गुपित राहिलं तरच हे जमेल, फुटलं की संपलं, अशी त्याची खात्री झाली होती. धुळ्याला डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं तेव्हा त्यानं केसरबाईला सांगितलं की ट्रंपेट दाखवायला चाललोय. आणि खोटं नको म्हणून ट्रंपेट खरंच बरोबर नेलं, बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून त्याच्या बटणांना तेल घालून आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पिण्याची ओढ कमी करणारी एक गोळी दिली. रोज सकाळी एक.

गोळीची आठवण करायला रोज सकाळी फोन यायचा. आधी भरून ठेवलेला आवाज बोलायचा, "नमस्कार. आज औषध घेतलं का? घेतलं असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा. ताईंशी बोलायचं असेल तर तीन दाबा." सुकदेव रोज तीन दाबायचा. नूतनताई विचारायच्या, काल किती झाली? आधी जेवला होतात का? हात थरथरतात का? झोप लागली का? जास्त झाली असं सांगितलं तरी त्या रागवायच्या नाहीत. बरं झालं सांगितलंत, म्हणायच्या. सुकदेवला या गोष्टीचं फार नवल वाटायचं. खरं बोलल्यावर समोरचं माणूस 'बरं झालं' म्हणतं, हे त्याच्या अनुभवात नवीनच होतं. त्या फोनच्या ओढीनं त्याची बाटलीची ओढ कमी झाली की गोळीनं झाली, हे डॉक्टरच जाणोत. पण कमी झाली, हे खरं. पावसाळ्यात तर असे दिवस येऊ लागले की संध्याकाळ निघून जायची आणि त्याला दुसऱ्या दिवशी आठवायचं की अरे, काल आपण प्यायलोच नाही.

आता स्पीकरवरचा फोन, बहिरा माणूस आणि गुपित, या तिघांचा संसार घरात कसा चालणार? म्हणून सकाळी फोनची वेळ झाली की सुकदेव शेतात पळायचा. गिरधरभाऊंच्या कपाशीच्या बांधावर बसून तो आरामात ओरडायचा. केसरबाईच्या हे लक्षात आल्यावाचून कसं राहील? नवरा सकाळी सकाळी फोन घेऊन बांधावर जातो, येताना गाणं गुणगुणत येतो आणि हल्ली भांगही नीट पाडतो. तिनं एकदा फोन चाळला. 'ट्रंपेट दुरुस्ती'चे एवढे फोन? ट्रंपेटाला झालंय तरी काय? तिनं मनाशी नोंद केली आणि योग्य वेळेची वाट पाहत बसली. बायकांची ही वाट पाहण्याची कला पुरुषांनी कधी हलक्यात घेऊ नये.

इथं एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याचाच. शहरात औषध म्हणजे औषध. कपाशीच्या मुलखात डॉक्टर देतो ती गोळी किंवा दवाई, आणि औषध म्हणजे फवारणीचं. अमक्यानं औषध घेतलं, अहिराणीत 'औषध लिधं', असं इकडे कोणी म्हणालं की आवाज आपोआप खाली येतो आणि कोणता आजार होता हे कोणी विचारत नाही. नूतनताईंनी तो निरोप लिहिला तेव्हा हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि सुकदेवला रोज तेच ऐकून त्या शब्दाची शहरी सवय लागली होती.

त्या सकाळी कपाशीवर फवारणी चालू होती. पंप खांद्यावरून उतरवून सुकदेव बांधावर बसला होता. शेजारी औषधाची उघडी बाटली, कालवायची बादली. दुसऱ्या टोकाला नथ्थू पंप मारत होता. मधल्या पट्ट्यात भिकुअक्का खुरप्यानं निंदत होत्या. भिकुअक्का सुकदेवच्या समोरच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा आधार बरीच वर्षं झाली गेला. याच शिवारात, असंच औषध घेऊन. सकाळभर तो बांधावर पडलेला लोकांनी पाहिला होता, पण आधार प्यायचा, त्यामुळे पडला असेल पिऊन, असं समजून जो तो आपल्या वाटेनं गेला. त्यावर अक्का कधी बोलायच्या नाहीत. त्यांचा आवाजच मुळात फार कमी लोकांनी ऐकला होता.

फोन वाजला. सुकदेवनं तीन दाबलं. ताईंनी विचारलं, काल कसं काय? त्याला सांगायचं होतं ते फार मोठं होतं. पोळ्याच्या दिवशी, जेव्हा गावात बैलांच्या शेपटाला धरून चालणारेसुद्धा झिंगलेले होते, तेव्हा तो कोरडा राहिला होता. आनंदानं त्याचा आवाज आणखीच चढला. कपाशीत वाकलेल्या अक्कांना ताईंचं बोलणं काही ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू आलं ते एवढंच.

"हो ताई, औषध लिधं. पुरं लिधं. आते काही तरास नही. आते बठ्ठी कटकटच मिटनी."

अक्कांनी मान वर केली. बांधावर सुकदेव, गुडघ्याजवळ उघडी बाटली, चेहऱ्यावर कसलंसं शांत हसू. अक्कांच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

"पया रे! सुक्यानी औषध लिधं!"

ज्या बाईचा आवाज गावाला माहीत नव्हता तिची ही 'पळा रे'ची हाक त्या दिवशी नदीपलीकडे गेली. अक्का अनवाणी धावत सुटल्या, काट्यातून, चिखलातून, उभी कपाशी तुडवत. सुकदेवला काही कळायच्या आत त्यांनी त्याला मिठी घातली आणि फोन त्याच्या हातातून उडून चिखलात पडला. पंप फेकून नथ्थू आला. गिरधरभाऊ मालवाहू गाडी घेऊन आले, ती बांधावरून अशी आणली की दोन सऱ्या आडव्या झाल्या. अर्धं गाव आलं. कोणी जेवणावरून उठून आलं होतं, कोणाच्या तोंडाला दाढीचा साबण होता.

सुकदेव जिवाच्या आकांतानं सांगत होता की अरे ते औषध नव्हे, हे निराळं औषध. पण घेतलेला माणूस असंच म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो बोलायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात कोणीतरी त्यात मिठाचं पाणी ओतायचं. पारोळ्यापर्यंतच्या वाटेत त्यानं किती मीठ पोटात घातलं याचा हिशेब नाही. केसरबाई त्याच्या पायांवर बसली होती आणि एकाच दमात रडत, शिव्या देत आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. नथ्थूनं त्याचा हात धरून ठेवला होता आणि तो चक्क हुंदके देत होता. तू गेलास तर मी ढोल कोणासाठी वाजवू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आणि इथं सुकदेवला काहीतरी झालं. मिठाच्या पाण्यानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. त्याची समजूत होती की आपण मेलो तर गावाला हसायला एक माणूस कमी होईल, बाकी काही नाही. आणि इथं गिरधरभाऊ आपली उभी कपाशी तुडवून गाडी हाकत होते, आणि माईकची नक्कल करणारी तीच पोरं मागून मोटारसायकलींवर ओरडत येत होती की रस्ता द्या, रस्ता द्या. त्यानं हात-पाय झाडणं थांबवलं. लोकांना वाटलं, आता संपलं, आणि रडारड दुप्पट झाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम केलं ते मिठाचं पाणी हिसकावून घेण्याचं. असलं काही पाजत बसू नका, माणूस सरळ इकडे आणा, असं त्यांनी सगळ्यांना खडसावलं. मग सुकदेवला तपासलं. डोळे पाहिले, नाडी पाहिली, तोंडाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"याच्या तोंडाला औषधाचा वास नाही," त्या म्हणाल्या. "दारूचाही नाही."

व्हरांड्यातली गर्दी पुढे सरकली. पहिलं वाक्य ऐकून लोकांना हायसं वाटलं होतं. दुसऱ्या वाक्यानं मात्र ते गोंधळले. केसरबाईनं पुढे होऊन स्वतः वास घेतला आणि नवऱ्याकडे अशी पाहू लागली, जणू हा माणूस कोण म्हणून विचारतेय.

तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी तो चिखलातून उचलून पुसून आणला होता आणि तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. पडद्यावर 'ट्रंपेट दुरुस्ती'. केसरबाईला वाटलं, हीच ती वेळ, आणि तिनं बटण दाबलं.

"सुकदेवभाऊ, काय झालं? मगाशी आरडाओरडा ऐकला आणि फोन बंद झाला, मी घाबरले," नूतनताईंचा आवाज व्हरांडाभर घुमला. "पोळ्याला प्यायला नाहीत म्हणून मी तुम्हाला शाबासकी देणारच होते. आजची गोळी घेतली ना नक्की?"

झालं. ज्या गुपितासाठी त्यानं बांधावर सकाळी काढल्या, ट्रंपेटाला नको असलेलं तेल घातलं, ते अर्ध्या गावापुढे एका दमात फुटलं. सुकदेवनं डोळे मिटून घेतले. आता हसू येणार. त्याला ते येताना ऐकूही आलं. आधी नथ्थूच्या नाकातून फुसकन आवाज निघाला, मग गिरधरभाऊंचं पोट हलू लागलं, आणि मग सगळा व्हरांडा हसला. दाढीचा साबण वाळलेला माणूस तर भिंतीला टेकून खाली बसला. आणि सुकदेवला कळेना की आपल्याला राग का येत नाही. आपल्याला गाडीत घालून आणणारे लोक हसतात तेव्हा ते हसणं वेगळंच लागतं. मिठाच्या पाण्याचा एक मोठा ढेकर देऊन तोही हसू लागला.

केसरबाई तेवढी हसत नव्हती. तिनं विचारलं, मला का नाही सांगितलं? मला वाटलं, बाई आहे कोणी. सुकदेव म्हणाला, बाईच आहे. फोनमधून नूतनताई घाईघाईनं म्हणाल्या, वहिनी, मी नूतन. त्यावर केसरबाईनं फोन तोंडाशी धरला आणि तिला पहिला प्रश्न विचारला की हा रोज खरं सांगतो का? सांगतो, असं कळल्यावर ती पदरानं तोंड झाकून कितीतरी वेळ हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच माहीत.

भिकुअक्का व्हरांड्याच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या. तळपायात काटे मोडले होते, रक्त येत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सुकदेव त्यांच्याशेजारी जाऊन बसला. माझ्यामुळे तुम्हाला फुकट त्रास, असं काहीतरी तो पुटपुटला. अक्कांनी त्याच्या गालावर हात ठेवला, गरम आहे की थंड ते बघावं तसा.

"बठ्ठा उनात आज," त्या म्हणाल्या. "त्याना टायमाले कोनीच उनं नही."

आज सगळे आले, आधारच्या वेळी कोणीच आलं नव्हतं. सुकदेवला आधार आठवला. बँडमध्ये यायचं म्हणून मागे लागलेला, झांजा वाजवायला शिकलेला.

नूतनताई त्याच दिवशी पारोळ्याला आल्या. झाला प्रकार कळल्यावर त्या पार ओशाळून गेल्या होत्या. सगळ्या निरोपांतून तो शब्द काढून टाकते, उद्यापासून 'गोळी घेतली का' असंच येईल, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. भिकुअक्कांना मात्र पटलं नाही. म्हणजे बाकीच्यांसाठी पटलं, सुकदेवसाठी नाही.

"बठ्ठास्ले गोळी म्हन, बाई. याले औषधच म्हन," त्या म्हणाल्या. मग सुकदेवकडे वळल्या. "रोज सकायले मी इचारसू. तू 'लिधं' म्हन, आनि मन्हा समोर उभा ऱ्हाय. त्या शब्दनी माले लई भीती वाटस रे. जाऊ दे ती भीती."

नूतनताईंनी सुकदेवच्या नावापुढे 'औषध' असंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का आपल्या ओट्यावर उभ्या राहू लागल्या. सुकदेव घराबाहेर पडला की विचारायच्या, औषध लिधं का? तो म्हणायचा, लिधं अक्का, आणि क्षणभर उभा राहायचा. त्या त्याला खालून वर बघायच्या आणि आत जायच्या. गावाला हे कळायला कितीसा वेळ? गावानं ते तिथल्या तिथे उचललं. दुकानावरचा वाणी, ट्रॅक्टरवरचे गिरधरभाऊ, शाळेत निघालेली पोरं, जो तो विचारू लागला, सुकदेवभाऊ, औषध लिधं का? बाहेरगावचा पाहुणा ते ऐकून दचकायचा, मग त्याला सगळी कथा सांगावी लागायची, आणि सांगणारा नथ्थू असला तर मिठाच्या पाण्याचे तांबे प्रत्येक वेळी वाढायचे. ज्या थट्टेच्या भीतीनं सुकदेव बांधावर पळत होता तीच थट्टा आता त्याला रोज गोळीची आठवण करून देत होती, आणि संस्थेच्या फोनला एखाद्या दिवशी रेंज नसली तरी ही कधी चुकत नव्हती. नथ्थूनंही एक दिवस हळूच नंबर मागून घेतला. घरपोच माल मिळतो का बघतो, म्हणाला.

मग गणपती आले. विसर्जनाला बँड पारोळ्यात वाजला. सुकदेव सगळ्यांत पुढे होता, लाल कोटात. त्याचा तो लांब सूर निघाला आणि चौकातल्या माणसांनी माना वळवून पाहिलं. शिट्ट्या झाल्या, नोटा उधळल्या गेल्या. एका मंडळाच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि कोणीतरी प्रेमानं ग्लास पुढे केला. आनंदाच्या भरात त्यानं तो घेतला. मग दुसराही घेतला. त्यानंतर जे झालं ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून तो उठला तेव्हा केसरबाई त्याच्या उशाशी होती. तिनं गोळी आणि पाणी पुढे ठेवलं. त्यानं गोळी घेतली. पण बाहेर पडायचं कसं? समोर अक्का उभ्या असणार. त्या विचारणार. नुसतं 'लिधं' म्हटलं तरी चालण्यासारखं होतं, ते खोटंही नव्हतं. पण अर्धं खरं सांगून त्या म्हातारीच्या समोर उभं राहायचं, हे काही त्याला जमेना. तो मागच्या दारानं निघाला, विहाराच्या मागून, चोरासारखा. आणि वळणावर पाहतो तो अक्का समोर, डोक्यावर सरपणाची मोळी.

"औषध लिधं का?"

"लिधं," सुकदेव म्हणाला. "पन काल पिधी बी, अक्का. लई पिधी."

अक्कांनी मोळी खाली टाकली. जवळ आल्या. नेहमीसारखं त्याला खालून वर पाहिलं, तळपायापासून डोक्यापर्यंत, जराही घाई न करता. सुकदेव शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जित्ता शे ना?" अक्का म्हणाल्या. "मंग चाल, चहा पी ले."

त्यानं मोळी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तो त्यांच्या मागोमाग चालू लागला. चहा गुळाचा होता आणि भलताच गोड झाला होता, पण त्यानं दोन कप घेतले.